उंबरठ्याबाहेरचे मांजर

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘शेजार’ हा विषय ठरवून पत्र धाडले, तेव्हा माझ्या मनात आलेला शेजार माणसांचा नव्हता. कोथरूडच्या अंगाला, म्हातोबा टेकडीच्या उताराशी भिडलेल्या एका जुन्या सोसायटीत माझे जाणेयेणे आहे. तिच्या मागच्या कुंपणालगत जास्वंद, कण्हेर आणि मेंदी यांची दाट रांग असून, चैत्र-वैशाखात त्या रांगेत लालबुड्या बुलबुलाचे एखादे घरटे हमखास असते. शिंपी पक्षी त्याच्याही खाली, कमरेएवढ्या उंचीवर, पाने शिवून आपले बिऱ्हाड थाटतो. आणि कुंपणाच्या दगडी भिंतीत जिथे चुना निघून भेग पडली आहे, तिथे चिरकाची जोडी चोचीतून काड्या नेताना दिसते. सरडे, सापसुरळ्या, खारी आणि अंधार पडल्यावर नाक जमिनीला लावून धावणाऱ्या चिचुंद्र्या यांचाही त्या आवारावर पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे. याच आवारात मांजरेही आहेत. काही घरची, काही दारोदारची, काही कोणाचीच नसलेली. या दोन शेजाऱ्यांमध्ये रोज जे घडते, त्याकडे आपण मांजरावरील मायेपोटी सहसा पाहात नाही. ते पाहावे, आणि ते तसे का घडते हे समजून घ्यावे, एवढ्याच हेतूने मी या वैशाखात तिथे पहाटे जाऊन बसू लागलो.

मेंदीखाली

तिसऱ्या मजल्यावरील एका कुटुंबाची सोनी नावाची तांबूस-पांढरी भाटी आहे. गळ्यात लाल पट्टा, पट्ट्याला घुंगरू, अंगावर तुकतुकीत केस. पहाटे साडेपाचला घरातले आजोबा फिरायला निघतात, त्यापूर्वी तिच्या वाटीत मासळीचा वास असलेला सुका खाऊ पडलेला असतो, आणि तो खाऊन ती त्यांच्या मागोमाग जिना उतरते. आजोबा फाटकाबाहेर वळतात आणि सोनी मेंदीकडे वळते.

मेंदीच्या बुंध्याशी ती ज्या रीतीने बसते, ती रीत पाहण्यासारखी आहे. पुढचे पंजे छातीखाली घेतलेले, खांदे पाठीच्या रेषेपेक्षा वर आलेले, मागचे पाय पोटाशी दुमडून दाबलेले, आणि शेपटीचे फक्त टोक तेवढे अधूनमधून हललेले. पट्ट्याचे घुंगरू या सर्व अवधीत एकदाही वाजत नाही, कारण मांजर चालते तेव्हा मान स्थिर ठेवूनच चालते आणि बसते तेव्हा तर तिच्या मानेला कंपही नसतो. त्या दिवशी बुलबुलाच्या पिलांनी घरटे सोडले होते. अंड्यातून बाहेर पडल्यापासून बारा-तेरा दिवसांत ही पिले घरट्याबाहेर येतात, परंतु घरटे सोडणे आणि उडू लागणे या दोहोंमध्ये काही दिवसांचा असा अवघड काळ असतो, की त्यात शेपूट नीट वाढलेली नसते, पंखांना उचल नसते, आणि पिलू एका फांदीवरून दुसरीवर धडपडत, मध्येच जमिनीवर उतरत, आईबापांना हाका घालीत असते. ती हाक हेच त्याचे जगण्याचे साधन, आणि तीच त्याचा ठावठिकाणा सांगते. सोनीने झेप घेतली तेव्हा घुंगरू वाजले खरे. पण ते वाजले त्याच क्षणी पिलू तिच्या पंजाखाली आले होते.

तिने ते खाल्ले नाही. थोडा वेळ पंजाने उलटेसुलटे केले, ते हलेनासे झाल्यावर पार्किंगच्या कडेला टाकले, आणि उन्हात बसून अंग चाटू लागली. आईबाप मात्र जास्वंदीवर पंख थरथरवीत, कर्कश ओरडत राहिले, आणि त्यांचा कल्लोळ ऐकून समोरच्या गुलमोहरावर दोन कावळे येऊन बसले. हे कावळ्यांचे येणे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

आवार झाडायला आलेले वॉचमन बीड जिल्ह्यातले. त्यांनी केरसुणीने पिलू सुपलीत घेतले आणि मला म्हणाले, “तिचं पोट भरल्यालंच असतंय सर. वरनं खाऊन येती, आन् हितं दबा धरून बसती. मारती, पण खात न्हाई.”

पोटाची भूक आणि पंजाची भूक

वॉचमनने जे पाहिले होते ते शास्त्रज्ञांनीही पाहिले आहे. रॉबर्ट अ‍ॅडमेक या संशोधकाने १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजरांपुढे त्यांचे आवडते अन्न ठेवायचे, आणि ती जेवण्यात मग्न असताना जिवंत उंदीर आत सोडायचा. मांजरे अन्नावरून उठली, त्यांनी उंदीर मारला, तोंडात धरून तो जेवणाशी आणून ठेवला, आणि अर्धे राहिलेले जेवण पुन्हा सुरू केले. भुकेल्या मांजराची शिकार अधिक नेटाची असते हे खरे; पण पोट भरले म्हणून शिकार थांबते, ही आपली समजूत मात्र या प्राण्याच्या घडणीशी जुळत नाही. ज्याचे भक्ष्य मूठभर वजनाचे, ज्याला दिवसाकाठी अशी आठ-दहा भक्ष्ये लागायची, आणि ज्याच्या बहुतेक झेपा रिकाम्या जायच्या, त्या प्राण्याने भूक लागेपर्यंत थांबणे म्हणजे उपाशी मरणेच होते. म्हणून संधी दिसली की झेप घ्यावी, हा स्वभाव त्याच्या रक्तात उतरला. नैर्ऋत्य आशियातील रानमांजरापासून आपले घरचे मांजर झाले, त्याला सुमारे दहा हजार वर्षे लोटली. या अवधीत आपण गाय, कुत्रा, कोंबडी यांना हवे तसे वळवून घेतले, परंतु मांजराला मात्र त्याच्या शिकारीसाठीच धान्याच्या कणग्यांपाशी राहू दिले आणि तो गुण जसाच्या तसा जपला.

तेव्हा सोनीचा यात काही दोष नाही. दोष शोधायचाच असेल तर तो तिच्या वाटीपाशी शोधावा लागतो. रानातील कोणत्याही शिकारी प्राण्याची संख्या त्याच्या भक्ष्याच्या संख्येशी बांधलेली असते. भक्ष्य घटले की त्याची पिले जगत नाहीत, शिकारी कमी होतात, आणि भक्ष्याला पुन्हा वाढायला उसंत मिळते. खाऊची वाटी हे बंधन तोडते. आवारातील शेवटचा सरडा संपला तरी सोनीचे एकही जेवण चुकणार नाही, आणि म्हणूनच त्या शेवटच्या सरड्याला सोनीपासून सुटका नाही. एरवी एवढ्याशा तुकड्यात एखादे रानमांजर पोसले गेले नसते. तिथे आज आपल्या दूधपोळीवर आणि खाऊच्या पुड्यांवर दहा-दहा शिकारी नांदतात, आणि सगळे एकाच कुंपणाच्या आत. ‘आमची मनी लांब कुठे जात नाही’, असे घरोघरी कौतुकाने सांगितले जाते. सहा देशांतील ९२५ मांजरांच्या गळ्यात उपग्रहाद्वारे स्थान सांगणारे यंत्र बांधून केलेली एक पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही हेच आढळले, की बहुतेक मांजरे आपला सारा वेळ घरापासून शंभर मीटरच्या आतच घालवतात. पण म्हणूनच त्या शंभर मीटरांवर पडणारा भार, तेवढ्याच जागेतल्या रानटी शिकाऱ्याच्या भारापेक्षा कितीतरी पट अधिक भरतो.

उंबरठ्यावर न आलेले

घरच्या माणसांचा हिशेब उंबरठ्यावर आणून ठेवलेल्या शिकारीवर चालतो. सोनीच्या घरच्या सूनबाईंनी मला अगदी मोकळेपणाने सांगितले, “महिन्यातून एखादी पाल आणते, बाकी काही नाही हो.” त्या खोटे बोलत नव्हत्या, त्यांना दिसते तेवढेच त्या सांगत होत्या. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाने अथेन्स या गावातील पाळीव मांजरांच्या गळ्यात लहानसे कॅमेरे अडकवून ५५ मांजरांचे चित्रण अभ्यासले, तेव्हा त्यांतील ४४ टक्के मांजरे शिकार करताना आढळली. त्यांनी मारलेल्या जिवांपैकी घरी आणले गेले ते केवळ २३ टक्के. २८ टक्के खाल्ले गेले आणि जवळजवळ निम्मे, ४९ टक्के, मारले तिथेच टाकून दिले गेले. सर्वांत अधिक संख्या सरड्यांसारख्या लहान सरपटणाऱ्या प्राण्यांची होती. जे ओरडत नाही, उडत नाही, ज्याच्या नाहीसे होण्याची वार्ता कोणी कोणाला देत नाही, ते आधी संपते.

त्याच देशासाठी २०१३ साली मांडल्या गेलेल्या अंदाजानुसार मोकाट फिरणारी मांजरे वर्षाला किमान १३० कोटी आणि कमाल ४०० कोटी पक्षी मारतात, आणि सस्तन प्राणी त्याहून कितीतरी अधिक. यांतील बहुतांश शिकार बेवारस मांजरांची असते. हा आकडा इतका प्रचंड आहे की त्याने मन बधिर होते. मला त्यापेक्षा इंग्लंडमधील फेल्मर्शॅम या खेड्याची हकिकत अधिक बोलकी वाटते. पीटर चर्चर आणि जॉन लॉटन यांनी तिथल्या मांजरवाल्या घरांना पिशव्या देऊन, मांजराने जे जे आणले ते वर्षभर त्यांत ठेवायला सांगितले. जेमतेम सत्तर मांजरांनी घरी आणलेल्या जिवांची संख्या हजाराच्या वर गेली, आणि गावातील चिमण्यांच्या एकूण मृत्यूंपैकी निदान ३० टक्के मांजरांच्या खाती जमा झाले. हेही उंबरठ्यावर आलेलेच. पडीक जागी, गवतात, भिंतीमागे राहिलेल्यांची मोजदाद त्यात नाही.

आता त्या कावळ्यांविषयी. शेफील्ड शहरातील संशोधकांनी काळ्या कस्तुराच्या घरट्यांजवळ पेंढा भरलेले मांजर अवघा पाव तास ठेवून पाहिले. ते मांजर कोणाला इजा करण्याच्या स्थितीत नव्हते हे उघड आहे. तरीही ते हलवल्यानंतर बराच वेळ आईबापांच्या चाऱ्याच्या खेपा एक तृतीयांशाहून अधिक घटल्या, आणि त्यांनी केलेल्या आरडाओरड्यामुळे घरट्याची जागा कळून कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांनी काही घरटी लुटली. म्हणजे मांजराने पंजा न उगारताही पिले उपाशी राहतात आणि तिसऱ्याच्या तोंडी पडतात. कोथरूडच्या त्या आवारात मी हेच पाहिले. सोनी उन्हात निजली होती, आणि उरलेल्या दोन पिलांपैकी एक दुपारच्या आत कावळ्यांनी नेले.

फुंकर

पुण्याच्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात उन्हाळ्याच्या दिवसांत बुटांच्या खोक्यांची रांग लागते. एरंडवण्याहून आलेली एक महाविद्यालयीन मुलगी असेच एक खोके छातीशी धरून बसली होती. आत जुन्या ओढणीवर दयाळाचे पिलू. “जखम काही दिसत नाही डॉक्टर, नुसतं घाबरलंय. मांजराच्या तोंडातून लगेच सोडवलं मी,” असे ती सांगत होती. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पिलू डाव्या मुठीत उताणे धरले, छातीच्या पिसांवर हलकीशी फुंकर मारली, पिसे दुभंगली, आणि खालच्या पातळ, गुलाबी कातडीवर पंखाच्या मुळाशी टाचणीने टोचल्यासारखी दोन छिद्रे दिसली. रक्त जवळजवळ नव्हतेच. मानेजवळची कातडी मात्र फुगून पारदर्शक झाली होती. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. मांजराचा सुळा त्यांतील एखादीत शिरला की आतली हवा कातडीखाली साचते. डॉक्टरांनी बारीक सुईने ती काढली, पिलू काट्यावर ठेवले, वजन लिहिले, आणि त्या वजनाप्रमाणे प्रतिजैविकाचा थेंब मोजून चोचीत सोडला.

“मांजराने धरलं होतं असं कळलं की आम्ही जखम शोधत बसत नाही, आधी अँटिबायोटिक देतो,” त्या मला म्हणाल्या. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू सुखाने राहतात. मांजराला त्यांचा उपद्रव नसतो. सुळ्याच्या छिद्रावाटे ते पक्ष्याच्या रक्तात गेले की एकदोन दिवसांत सर्वांगभर पसरतात. त्यामुळे मांजराच्या तोंडून सोडवलेला, पाणी पाजलेला आणि मोठ्या समाधानाने झाडावर ठेवून दिलेला पक्षी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठेतरी मरून पडतो, आणि सोडवणाऱ्याला ते कधीच कळत नाही. ज्यांच्या हाती असा पक्षी लागेल, त्यांनी तो हवेची भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवून, तोंडात काही न घालता, त्याच दिवशी उपचार केंद्रात पोचवावा. त्या मुलीने नेमके हेच केले होते. तरी डॉक्टरांनी तिला आशा दाखवली नाही, आणि न दाखवण्यात त्यांची दयाच होती.

उंदरांची सबब

मांजरे हलवा म्हटले की पहिली हरकत येते ती उंदरांची. कोठीघरात, वाण्याच्या दुकानात, पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर मांजराने चिमुकले उंदीर धरल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि त्या उपकाराची जाणीव खोटी नाही. परंतु शहराला ज्यांचा खरा जाच होतो ते गटारातील मोठे उंदीर आणि घुशी. त्यांच्यापुढे मांजराची मात्रा फारशी चालत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील कचऱ्याच्या एका कारखान्यात मायकेल पार्सन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या एका वसाहतीवर ७९ दिवस नजर ठेवली, तेव्हा मांजरांनी उंदीर मारल्याचे दोनच प्रसंग टिपले गेले. मांजरे दिसली की उंदीर बिळात दडत, एवढाच फरक. पावशेराहून जड, दातांनी उलटून चावणारा उंदीर आणि दहा ग्रॅमांचाही नसलेला शिंपी यांत मांजराने कोणता निवडावा, याला फार बुद्धी लागत नाही. घुशींचा बंदोबस्त करायचा तर उघडा कचरा आणि फुटकी गटारे यांनाच हात घालावा लागतो. मांजरापायी तो टळतो, म्हणून ही सबब मला सर्वांत नडणारी वाटते.

पोत्यातून टेकडीवर

सोसायट्यांमध्ये मांजरांवरून वाद विकोपाला गेला की एक मार्ग गुपचूप अवलंबला जातो. भाटी आणि तिची पिले पोत्यात घालून, रात्री स्कूटरवरून नेऊन, टेकडीच्या पायथ्याशी सोडून दिली जातात. ‘तिथे मोकळी हवा आहे, खायला उंदीर-पाखरं आहेत’, असे सोडणारे स्वतःची समजूत घालतात. प्राण्याला अशा रीतीने उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो जिच्यावर घडतो ती भाटी बहुतेकदा कुत्र्यांच्या किंवा मोटारीच्या तावडीत सापडते. परंतु जी जगते, ती कोणाच्या जिवावर जगते?

म्हातोबा असो की वेताळ, पुण्याच्या टेकड्यांवर दाट अरण्य नाही. आहे ते गवत, खडक, खैर-हिवराची विरळ झुडपे आणि मागाहून लावलेली गिरिपुष्पाची झाडे. बाहेरून ओसाड दिसणाऱ्या या माळावर चंडोल गवताच्या बुडख्याशी घरटे करतो, टिटवी उघड्या खडीवर अंडी घालते, रातवा तर घरटेही करीत नाही. पाचोळ्यावर नुसता बसतो आणि आपल्या रंगावर विसंबून राहतो. कुत्र्याच्या किंवा माणसाच्या नजरेला चकवणारा हा रंग मांजराच्या कानांना चकवू शकत नाही. जमिनीवर घरटे करणाऱ्या या पक्ष्यांना आधीच गवताला लावलेले वणवे, मोकाट कुत्री, वाढते बांधकाम आणि पाऊलवाटांवरची गर्दी यांनी गांजले आहे. त्यात शहराने आपले नकोसे झालेले शिकारी त्यांच्या दारात नेऊन सोडावेत, हा अन्याय मला पाहवत नाही. जगभरातील पक्षी, सस्तन आणि सरपटणारे मिळून ६३ जातींच्या विनाशात मांजराचा हात असल्याचे २०१६ च्या एका अभ्यासाने दाखवले. त्यांतील बहुतेक जाती बेटांवरच्या होत्या. आणि चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली टेकडी हेही त्यावरच्या सरड्याच्या दृष्टीने एक बेटच आहे. तिथला संपला तर भर घालायला दुसरीकडून कोणी येऊ शकत नाही.

काकूंची कैफियत

रात्री नऊच्या सुमारास त्या सोसायटीच्या मागच्या फाटकाशी एक स्कूटर थांबते. बँकेतून निवृत्त झालेल्या काकू डबा उघडतात. भात, त्यात कुस्करलेली मांदेली, वर मूठभर सुका खाऊ. मांजरे आधीच येऊन बसलेली असतात. काकू एकेकाला नावाने ओळखतात आणि कोणाची नसबंदी झाली, कोणाची राहिली, हे त्यांच्या वहीत तारखेनिशी लिहिलेले असते. मी पाखरांचा विषय काढला तेव्हा त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज कापला. “अहो, मी खायला घालणं बंद केलं तर ती काय हवा खाणार आहेत? आणि पिंजऱ्यात यायची तर आधी माणसावर विश्वास बसायला नको का? या आवारात पूर्वी दरवर्षी पिल्लांचे दोन-दोन लोट यायचे. निम्मी डोळे चिकटून मरायची. ती मी उचलली आहेत.”

काकूंच्या या कैफियतीत तथ्य आहे, आणि पक्षिप्रेमींनी ती शांतपणे ऐकली पाहिजे. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवड्यांत विते, एका वेळी तीन ते पाच पिले देते, आणि वर्षातून दोनदा हे सहज घडते. नसबंदीवाचून नुसती मांजरे हलवली, तर रिकाम्या झालेल्या जागी शेजारच्या गल्लीतली येतात. पिंजरा लावणे, रात्रभर उपाशी ठेवणे, दवाखान्यात नेणे, शस्त्रक्रियेनंतर काही दिवस घरात सांभाळणे, कानाची खूण पाहून पुन्हा सोडणे हे सारे काम काकूंसारखी माणसे पदरमोड करून आणि शेजाऱ्यांची बोलणी खाऊन करतात. महानगरपालिकांचे दवाखाने कुत्र्यांच्याच भाराने वाकलेले असतात. २०२३ च्या केंद्रीय प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी वस्तीतील प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था लावणे रहिवासी संघांवर सोपवले असले, तरी अशा कित्येक संघांच्या दप्तरी त्या विषयाचा कागद सापडत नाही.

तरी दोन गोष्टी काकूंनाही मान्य कराव्या लागल्या. नसबंदी झालेले मांजर पिले देत नाही, परंतु झेप घेते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा लाभ पाखरांना काही वर्षांनी, मांजरांची संख्या ओसरेल तेव्हा मिळतो, आणि तोही जवळजवळ सर्व मांजरे त्यातून गेली असतील तरच. वहीतील एक भाटी राहून गेली तर बाकीच्यांवर केलेला खर्च तिचे दोन लोट वाया घालवतात. दुसरे असे, की काकू ज्या जागी डबा उघडतात ती जागा मेंदीला अगदी लागूनच आहे. जेवण झाल्यावर मांजरे तिथेच रेंगाळतात आणि उरलेल्या भातावर पहाटेपर्यंत घुशी येतात. “म्हणजे जागा बदलू म्हणता?” त्यांनी विचारले, आणि थोडा वेळ थांबून स्वतःच म्हणाल्या, “पाण्याच्या टाकीमागे चालेल. तिथे झाड नाही, काही नाही.”

दाराआड

उरतात ती घरची मांजरे. आणि तिथे काम सोपे असायला हवे, कारण तिथे दार आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी नैर्ऋत्य इंग्लंडमधील ३५५ मांजरांवर निरनिराळे उपाय करून पाहिले आणि २०२१ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांसाचे प्रमाण अधिक असलेले, धान्य नसलेले अन्न दिल्यावर घरी आणल्या जाणाऱ्या शिकारीत ३६ टक्के घट झाली. रोज पाच-दहा मिनिटे दोरीला पीस बांधून मांजराला खेळवले, तर २५ टक्के. गळ्यात रंगीबेरंगी कापडाची झालर असलेला पट्टा घातल्याने पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी कमी झाली, कारण पक्ष्यांना भडक रंग दुरून दिसतो. घुंगराचा मात्र या पाहणीत ठळक परिणाम दिसला नाही. सोनीच्या गळ्यातले घुंगरू मी पाहिले असल्याने मला याचे नवल वाटले नाही. झालर चिचुंद्रीला वाचवीत नाही. खेळ आणि आहार सर्वांनाच थोडेथोडे वाचवतात. पूर्णपणे वाचवते ते दार.

मांजराला घरात ठेवणे हा त्याच्यावर जुलूम आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. केंद्रातील त्या डॉक्टरांनी यावर मला एवढेच सांगितले, की त्यांच्या टेबलावर येणारी मोटारीखाली सापडलेली, कुत्र्यांनी फाडलेली, विषबाधा झालेला उंदीर खाल्लेली मांजरे बाहेर फिरणारीच असतात. पिलूपणापासून घरात वाढवलेल्या मांजराला उंच फळ्या, खिडकीतले ऊन, नखे घासायला काथ्या गुंडाळलेला खांब आणि खेळणारे माणूस मिळाले तर ते सुखात राहते. बाहेरची सवय लागलेल्या मांजराला आत आणणे मात्र अवघड असते, आणि ते टप्प्याटप्प्यानेच करावे लागते. गॅलरीला जाळी बसवणारे कारागीर पुण्यात आता गल्लोगल्ली आहेत. कबुतरांसाठी जी जाळी आपण निमूटपणे लावून घेतो, तीच इथेही चालते.

आषाढात सोसायटीची सभा भरली. सेक्रेटरींनी तीन ठराव मांडले. आवारातील सर्व बेवारस मांजरांची नसबंदी सोसायटीच्या निधीतून व्हावी आणि त्यांना पकडण्याचे काम काकूंच्या देखरेखीखाली चालावे, हा पहिला. खाणे पाण्याच्या टाकीमागे, रात्री ठरल्या वेळी द्यावे आणि अर्ध्या तासात भांडी उचलावीत, हा दुसरा. आणि फाल्गुनापासून श्रावणापर्यंत, म्हणजे पाखरांच्या विणीच्या मुख्य काळात, घरच्या मांजरांना सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर बाहेर सोडू नये, हा तिसरा. पहिले दोन एकमताने मंजूर झाले. तिसऱ्यावर बरीच बोलाचाली झाली. कोणाच्या घरात काय असावे हे सोसायटीने का सांगावे, असा प्रश्न निघाला, आणि अखेर तो ठराव म्हणून न राहता ‘सभासदांस विनंती’ या मथळ्याखाली इतिवृत्तात नोंदवला गेला. सोनीच्या घरचे आजोबा सभेत काही बोलले नाहीत. बाहेर पडताना त्यांनी मला थांबवून विचारले, “जाळीवाल्याचा नंबर आहे का हो तुमच्याकडे? पण तिला सकाळची सवय आहे. ती किती दिवस ओरडेल?” एक महिना, कदाचित दोन, असे मी डॉक्टरांच्या हवाल्याने सांगितले. पाऊस उघडला की जाळी बसवून घेऊ, म्हणजे फाल्गुनापर्यंत ती रुळेल, असा हिशेब त्यांनी तिथेच केला, आणि मी वहीतल्या कागदावर नंबर लिहून दिला.